काठीकडे तोंड केलेलं पापलेट

तारापूरच्या किनाऱ्यावर जमनाच्या हातचं नवं निशाण नाही अशी बोट एकच होती, काशीबाईची. तीही गेल्या शिमग्यापासून. बोंबील वाळवायच्या जागेवरून दोघींची जुंपली, तेव्हापासून काशीबाईच्या डोलकाठीवर जुनंच निशाण चिंध्या होऊन फडफडत होतं.

जमनाचा धंदा विश्वासावर चालायचा. हरएक बोटीची खूण वेगळी: कुणाची चांदणी, कुणाचा नारळ, काशीबाईचं पापलेट. लांबून खूण दिसली की घरच्या बाया चुलीवर भात चढवायच्या. एकाची खूण दुसऱ्याला द्यायची नाही, हा किनाऱ्याचा कायदा. जमनाने तो कधी मोडला नव्हता.

अणुभट्टीच्या कामाला लांबलांबची माणसं आली, तशी बोईसरात किरिस्तावांचं पत्र्याचं देऊळ उभं राहिलं. तिथली इंदुबाई सणाच्या मिरवणुकीसाठी निशाण शिवून घ्यायला जमनाकडे आली. फादरने दिलेली चित्रं तिने पदरातून काढली. किनाऱ्याबाहेरचं पहिलंच काम. जमना मनातून हरखली, पण तोंडावर काही दाखवलं नाही.

तिने कोळशाने एकेक चित्र फडक्यावर काढलं, फडकी बोंबील वाळवायच्या काठीवर टांगली आणि इंदुबाईला घेऊन पार पाण्यापर्यंत चालत गेली.

"आता बघ. ह्यो काय दिसतो?"

"कोकरू."

"कुत्रं दिसतं. आनि तो पारवा नाय, कावळा झाला. द्राक्षं म्हंजे करवंदाचा घोस."

"नांगर तरी चांगला दिसतो की!"

"दिसतो. पन नांगर टाकला की बोट थांबते. तुमची मिरवणूक जागची हालायची नाय."

राहिली मासळी. लांबूनही ठसठशीत. इंदुबाई म्हणाली, "आमच्या येशूची जुनी खूण हीच." पण फडक्यावर जमनाच्या हातून सवयीने उतरलं होतं ते काशीबाईचं पापलेट. दुसरी मासळी काढावी तर लांबून नुसती रेघ दिसते. न विचारता शिवावं तर उद्या कोणी जमनाच्या हातात खूण देणार नाही. न शिवावं तर काम गेलं.

दुसऱ्या दिवशी ती काशीबाईच्या अंगणात उभी राहिली. काशीबाई मिसरी लावत होती.

"काय गं, वाट चुकलीस?"

"तुजं पापलेट मागाया आली हाय."

"आज बोट रिकामीच आली, बाय."

"खायाचं नाय. निशानावरचं. बोईसरच्या किरिस्तावांना पायजे, देवळासाठी."

"त्यांची बोट हाय?"

"नाय."

काशीबाई थुंकली. "ने मंग. पन माजं पापलेट काठीकडं पाठ करून दर्यात जातं. त्यांचं काठीकडं तोंड करून शिव. नायतर ते निशान बघून माज्या सुना भात चढवतील."

"बोईसर कुठं, दर्या कुठं!"

"तुला सांगितलं तसं शिव."

जमनाने तसंच शिवलं. लाल कापडावर पांढरं पापलेट, डाव्या अंगाला काठी घालायची कापडी नळी, नळीकडे माशाचं तोंड. टाके असे बारीक की इंदुबाई बोटाने चाचपत राहिली.

सणाच्या दिवशी जमना बोईसरला गेली. मासळी विकायला आलेली काशीबाईही पाटी उतरवून रस्त्याकडेला उभी होती. बाजा सुरू झाला, निशाण वर आलं. देवळाचं निशाण आडव्या काठीला टांगतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. नळीत आडवी काठी घातलेली, त्यामुळे पापलेट शेपटी खाली, तोंड वर करून उभं होतं.

ती इंदुबाईकडे धावली. "उतरव गं ते! उसवून देते."

"आता कुठं उतरवू? फादरना विचारलं मी. ते म्हणाले, वर बघतंय ते बरंच आहे."

जमनाने चोरून काशीबाईकडे पाहिलं. काशीबाई डोळे बारीक करून निशाण न्याहाळत होती.

"तोंड काठीकडंच हाय," ती म्हणाली. "बोलल्यावानी केलंस." मग तिला हसू आवरेना. "पन बाय, पापलेटाचा पार वाळत घातलेला बोंबील केलास की गं!"

जमनाने तिला कोपराने ढोसलं आणि दोघी मिरवणूक वळेस्तोवर तिथेच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या सकाळी काशीबाईची सून चिंध्या झालेलं निशाण घेऊन जमनाच्या दारात आली.

"आत्यानं सांगितलंय, नवं शिव," ती म्हणाली. "आनि काठी बाजूला हां."