मावशीचा फॉर्म

स्पिरिटचा वास आला की मला वसईतलं ते छोटं हॉस्पिटल आठवतं. मावशीच्या डाव्या स्तनात वारंवार गळू व्हायचं, बोंडातून चिकट पाणी यायचं. औषधांनी थांबेना, तेव्हा डॉक्टरांनी आतल्या दुधाच्या नलिका काढायचं ठरवलं. कॅन्सर नव्हता, म्हणून घरचे निर्धास्त होते. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. काका वालीवच्या कारखान्यातून तसेच आले होते, नखांत ग्रीस होतं. नर्सने इंग्रजी फॉर्म पुढे केला, तशी मावशी माझ्याकडे बघून हसली, “वाच गं मॅडम, एवढी कॉन्व्हेंटात शिकलीस, आज तरी कामाला ये.” मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगत गेले. भूल, रक्तस्राव, टाके. शेवटी लिहिलं होतं की या बाजूने पुढे बाळाला पाजता येणार नाही. मी सतरा वर्षांची होते. काका शेजारीच उभे होते, मला ते बोलवेना. “बाकी नेहमीचंच आहे,” मी म्हणाले. मावशीने सही केली. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. मी बघायला गेले, तेव्हा ती रडणाऱ्या बाळाला पुन्हा पुन्हा डावीकडेच लावत होती. “या बाजूवर रुसलीय माझी बाय. उतरेल गं दूध, आई म्हणते धीर धर.” मी मान हलवली. आता ती मुलगी शाळेत जाते. सर्दीतापाने आजारी पडली की मावशी अजून म्हणते, “माझंच दूध कमी पडलं तिला,” आणि मी ऐकून घेते.