शेंडे एका रेषेत

बेळगावच्या कँपात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मी माळी होतो. तिशीच्या आतला, आणि आपल्याला झाडांतलं कळतं याची थोडी घमेंड असलेला. मडमेला फाटकापासून पोर्चपर्यंत दोन्ही बाजूंना खजुराची झाडं हवी होती. कुठल्याशा गरम मुलखात तिनं तसा रस्ता पाहिला होता. तेव्हा मी आगाऊपणानं म्हणालो, खजुराला आमच्याकडचा पाऊस सोसायचा नाही, फळ धरलं तरी झाडावरच कुजेल. त्यापेक्षा आमची शिंदी घ्या. ती खजुराचीच बहीण. जुन्या झावळ्यांच्या खुणांनी कोरल्यासारखं खोड आणि वर गच्च गोल डोलारा. पावसाळा लागला की कमरेएवढी रोपं आणतो, दहा-बारा वर्षांत रस्ता बघत राहाल.

मडमेला शिंदी पटली, पण दहा-बारा वर्षं पटली नाहीत. पावसाआधीच मुंबईहून कुणी बडा साहेब येणार होता. काम ओव्हरसियरकडे गेलं. हा आपल्यातलाच, मराठी बोलणारा, पण साहेबाच्या मर्जीसाठी काहीही करणारा. वाढलेल्या शिंदी कुठं आहेत असं त्यानं विचारलं आणि मी सांगून बसलो: खानापूरच्या वाटेला, माझ्या सासुरवाडीच्या ओढ्यावर. दोन-चार नेईल असं मला वाटलं होतं.

त्या ओढ्याकाठी माझी मावससासू राहायची. एकटी विधवा बाई. शिंदीच्या पानांच्या चटया आणि केरसुण्या विणून तिनं उभा जन्म काढला होता. झाडाच्या फक्त खालच्या झावळ्या ती घ्यायची, मधला कोंब गेला की झाड मरतं म्हणून त्याला कधी कोयता लावला नाही. ओव्हरसियर गाड्या आणि वाट दाखवायला मला घेऊन तिथं पोचला आणि त्यानं निवडून बारा झाडांवर चुन्याचे पट्टे ओढले. म्हातारी एका बुंध्याशी जाऊन बसली. जमीन सरकारी, झाडं सरकारी, असं तो तिला वरच्या आवाजात सांगत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, “जावईबापू, ही झाडं तुमीच दावलीसा न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

ती उठली आणि खोपटात निघून गेली.

मुळा उपटावा तशी ओव्हरसियरच्या माणसांनी झाडं काढली. मुळांभोवती गाडीच्या चाकाएवढा मातीचा गड्डा ठेवा, गोणपाटानं बांधा, असं मी सांगत होतो. गाडीत मावत नाही म्हणून त्यांनी तो कुऱ्हाडीनं तासून टोपलीएवढा केला. बंगल्यावर आणल्यावर तर कहर झाला. झाडं कमी-जास्त उंचीची होती आणि साहेबाला शेंडे एका रेषेत हवे होते. मग चार बुटक्या झाडांना गड्ड्यापुरतेच खड्डे केले, आणि बाकीच्या आठ उंच झाडांची खोडं कुणाचं दोन हात, कुणाचं तीन हात मातीत पुरली.

मी ओव्हरसियरला म्हणालो, “रावसाहेब, शिंदीचं खोड गाडलं की कुजतंय. मुळ्या जिथं हुत्या त्याच पातळीला ठेवा.”

“तू पाणी घाल,” तो म्हणाला. “रेषा मला कळते.”

मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत मी साहेबाला गाठून सांगितलं. ओव्हरसियर शिकलेला आहे, एवढंच तो म्हणाला. बडा साहेब आला, मोटारीतून सरळ पोर्चपर्यंत गेला. झाडांकडे त्यानं मान वळवली नाही. मी फाटकाशीच उभा होतो.

आषाढात एका उंच झाडाचा मधला कोंब हातानं ओढला तर अख्खा बाहेर आला, सडका, घाण वास मारणारा. दिवाळीपर्यंत आठही गेली. ओव्हरसियरनं वर कळवलं की माळ्यानं पाणी जास्त घातलं. आषाढातल्या बेळगावात पाणी कोण घालतं? मी एक झाड खणून काढलं आणि साहेबापुढे आडवं टाकलं. जमिनीवरचं खोड कोरडं, टणक. पुरलेलं तेवढं काळं, लिबलिबीत. आंधळ्यालाही वासावरून कळलं असतं. साहेबानं नाकाला रुमाल लावला आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ओव्हरसियर मागे हात बांधून उभा होता. त्याच्या अंगावर धावून गेलो नाही, याचा मला आजही संताप येतो.

मी ओढ्यावर गेलो. मावशीच्या खोपटाला दार नव्हतं, आत काही नव्हतं. उरलेल्या झाडांवर तिचं पोट भरेना, म्हणून ती निपाणीला लेकीकडे गेली होती. तंबाखूच्या वखारीत पाला निवडायचं काम तिला मिळालं होतं. मी तिथं जाऊन तिला भेटलो. ती खोकत होती. बोटं पिवळी पडली होती. पाया पडलो तर म्हणाली, “जगली का?”

“चार जगली, मावशी. आठ खोल गाडली हुती त्यांनी.”

“गाडली न्हाईत ती?”

“व्हय.”

तिनं मान हलवली आणि पुन्हा पाला निवडायला बसली. दोन वर्षांनी ती तिथंच गेली.

सत्तेचाळीसात साहेब लोक गेले. ती चार झाडं आता चांगली उंच झालीत. येणारे-जाणारे म्हणतात, साहेबानं काय हौसेनं लावलीत. मी त्यांना थांबवून सगळं सांगतो. बहुतेकांना घाई असते.