जनानखान्यातला तख्ता

गेल्या हिवाळ्यात उदगीर भागातल्या एका जुन्या हवेलीचे संग्रहालय झाले. उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांचा नाश्ता मांडला होता तो मय्यत धुण्याच्या तख्त्यावर.

मी नांदेडहून बातमीसाठी गेलो होतो. हवेली निजामाच्या काळातल्या एका मुसलमान जहागीरदाराची. वारसांनी ती गावातल्या समितीला दिली होती. जनानखान्याच्या अंगणात सागवानी तख्ता आडवा ठेवलेला. माणसाएवढा लांब, फळ्यांमध्ये फटी, पायाकडे किंचित उतार. वर पाटी : ‘नवाबी भोजनाचा चौरंग’. त्यावर सुशिल्याचे, म्हणजे फोडणी दिलेल्या भिजवलेल्या मुरमुऱ्यांचे पातेले, अर्धापूरची केळी, चहाचे कप. सुशिल्याचे तेल फटींतून फरशीवर गळत होते.

“या पत्रकार, हाणा,” समितीचे अध्यक्ष म्हणाले. “नवाब इथंच जेवायचे.”

“नवाबाला सुशिला कोण देत होतं हो?” कोणीतरी विचारले. सगळे हसले.

तेवढ्यात या घराची लेक अंगणात आली. निवृत्त शिक्षिका. समितीनेच तिला सत्काराला बोलावले होते. शाल अजून खांद्यावर होती. तख्ता पाहून ती थांबली.

“पातेलं उचला,” ती म्हणाली. “ह्याच्यावर आमच्या अम्मीला गुस्ल दिलाय.”

अध्यक्षांना कळले नाही. मग तिने सांगितले. गुस्ल म्हणजे मय्यतीची शेवटची आंघोळ. पाण्यात बोरीचा पाला आणि कापूर. मोहल्ल्यातल्या बायकांसाठीचा तख्ता याच अंगणात असे. काम झाले की धुऊन भिंतीला उभा करायचा. त्यावर कोणी बसत नसे.

एकाने तोंडातला घास कोपऱ्यात थुंकला. दुसरा नळाकडे गेला.

“आपा, आता सांगून राहिल्या?” अध्यक्ष म्हणाले. “लई लोकांनी खाल्लं की.”

“आधी विचारलं होतं का कोणी?”

अध्यक्षांनी हातातले केळ संपवले आणि साल तख्त्यावर ठेवली. मी माझी बशी खिडकीत ठेवली. घास गिळलेला होता.

“हा मशिदीत देऊन टाका,” ती म्हणाली. “माझी वेळ आली की अम्मीच्याच तख्त्यावर. बाकी काही मागत न्हाई मी.”

“वस्तू आता संग्रहालयाची हाय, आपा. ठराव घ्यावा लागल.”

“मरायला ठराव लागत न्हाई, साहेब.”

मी सगळे लिहून पाठवले. फीत कापतानाचा फोटो छापून आला. तख्त्याचा परिच्छेद जागेअभावी गेला.

उन्हाळ्यात पुन्हा गेलो. पाटी बदलली होती : ‘नवाबी विश्रांतीचा बाक’. एक जोडपे त्यावर रेलून फोटो काढत होते. फटींत गुटख्याच्या पुड्या कोंबलेल्या, पायाकडच्या उतारावर लाल पिंक वाळलेली. ठरावाचे विचारले. “पुढच्या बैठकीत,” अध्यक्ष म्हणाले, आणि मला पुन्हा चहा विचारला. मी घेतला नाही.

पावसाळ्यात शिक्षिका लातूरच्या दवाखान्यात वारली. मय्यत गावी आणली. तिचा भाचा तख्ता मागायला हवेलीवर गेला. दाराला कुलूप होते. अध्यक्षांनी फोनवर सांगितले की चावी त्यांच्याकडे आहे आणि ते देवणीला लग्नात आहेत.

गुस्ल मशिदीतल्या स्टीलच्या टेबलावर झाला. तो सोमवार होता. संग्रहालयाला सोमवारी सुट्टी असते.