शिर्केबाईंच्या हातांची शिकवणी

शिर्केबाईंच्या घरी गेले आणि मदत म्हणून चहाच्या पातेल्याला हात लावला, की बाई आमच्या इकडच्या गुजरातीमिश्रित मराठीत अंगावर यायच्या. "बेस तिकडे. रहेवा दे तुझी मदत." अर्धवट उकळलेला चहा मोरीत ओतायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधण, साखर, पत्ती, दूध, शेगडी बंद, खाली वाकून सिलिंडर बंद, मग त्याच हाताने खिडकीची कडी. मधली एक गोष्ट इकडची तिकडे झालेली त्यांना चालत नसे. वाडीतल्या त्यांच्या गल्लीत सगळे त्यांना खडूस म्हणत, आणि त्या होत्याच.

आम्ही एकाच शाळेत होतो. त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी गणित. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्या घराजवळचाच रस्ता चुकल्या, म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. आजाराचे नाव ऐकून बाई रडल्या नाहीत, चिडल्या. डॉक्टरांनी शब्दकोडी सोडवायला आणि मन प्रसन्न ठेवायला सांगितले होते. रिक्षात बसल्याबसल्या बाई म्हणाल्या, "मन प्रसन्न ठेवलं की गॅस आपोआप बंद होतो का गं?"

मग त्यांनी मला वर्गात समजावत तसे समजावले. "आठवण मेंदूत एका ठिकाणी राहते, सवय दुसऱ्या. सवयीची खोली तळाशी, आत. माझा वरचा मजला पडायला लागलाय. तो पडायच्या आत सामान खाली न्यायचं. कळलं?" सगळे सामान नेता येणार नाही, हेही त्यांना ठाऊक होते. "मला माझ्या घरात माझ्या हातचा चहा प्यायचाय. बाकीचं जाऊ दे खड्ड्यात."

पुढे कितीतरी महिने त्या हे एकच काम करत राहिल्या. मठ्ठ मुलांना शिकवत तसे त्यांनी आपल्या हातांना शिकवले, ओरडून आणि पिच्छा न सोडता. तेच पातेले, तीच फळी, तीच वेळ. "सवयीला खुंटी लागते. खुंटी उपटली की सवय खाली पडली," असे त्या जो येईल त्याला ऐकवायच्या. मुलाने, संजयने, पत्तीचा जुना डबा फुटका म्हणून नवा आणला, तर तो त्यांनी गल्लीत भिरकावला. संजयला त्यांनी सगळे समजावले होते. माझ्यासमोर, दोनदा. तो हसून मला म्हणाला, "काकू, मम्मीचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे."

नंतर नंतर त्या मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागल्या. कोणता वार, कोणता महिना, काही सांगता येईना. पण चहा फक्कड व्हायचा, आणि सिलिंडर एकदाही उघडा राहिला नाही. डॉक्टरसुद्धा चकित झाले.

मग बाई डभोईला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि संजय निजामपुऱ्यातल्या आपल्या फ्लॅटमधून कारागीर घेऊन आला. ठोकाठोक ऐकून मी धावले. ओटा फोडलेला होता. "मॉड्युलर किचन करतोय, काकू. सरप्राइज आहे. मम्मीला सांगायचं नाही हं." मी त्याला अक्षरशः झापले. म्हटले, तिचा मेंदू आता या भिंतीत आहे, हात लावू नकोस. तो शांतपणे म्हणाला, "आठवड्यात सवय होईल तिला." नवी सवय लागेपर्यंत ती धरून ठेवायला थोडी तरी आठवण लागते, आणि बाईंकडे ती उरली नव्हती. इंजिनीयर झालेल्या पोराला हे कळू नये?

बाई परत आल्या तेव्हा संजयने दार उघडून म्हटले, "जो तर खरी, मम्मी, बघ, केवढं सरस झालंय." बाईंनी हात पुढे केला. फळीच्या जागी गुळगुळीत पांढरे कपाट होते. खिडकी कपाटामागे गेली होती. त्या कितीतरी वेळ त्या कपाटावर हात फिरवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नव्या शेगडीचे बटण फिरवून, ती न पेटवताच त्या बाहेर येऊन बसल्या. वास गल्लीपर्यंत आला. संजयने स्वयंपाकघराला कुलूप लावले आणि बाईंना निजामपुऱ्याला नेले. तिथे सांभाळायला एक मोलकरीण ठेवली. ती हातात कप देई आणि बाई मुकाट्याने पीत.

यंदा त्या गेल्या. बेसण्याला, म्हणजे शोकसभेला, संजय प्रत्येकाला सांगत होता, "शेवटी मम्मी खूप शांत झाली होती. कोणाला काही त्रास नाही." लोक माना डोलवत होते. मी सगळ्यांसमोर म्हटले, "संजय, तिने फक्त स्वतःचा चहा मागितला होता." तो हात जोडून म्हणाला, "काकू, आता कशाला ते? मी तिच्या भल्यासाठीच केलं ना."

मी चपला घालून निघून आले. माणूस गेले की राग सोडून द्यावा, असे सगळे मला सांगतात. मी सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही.