आईने ऐकलेलं जॅझ

थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. गिरगावातल्या आमच्या घरी तिने वर्षानुवर्षं गाण्याचा क्लास चालवला होता. तो बंद झाला, आणि घरात कोणाचंही गाणं तिला सोसेना. रेडिओसुद्धा नाही. "गळा नको ऐकायला," एवढंच म्हणायची.

मी परळला नोकरी करते. तिच्यासाठी आठवड्यातले तीन दिवस घरून काम मागून घेतलं. मला कॉलेजपासून जॅझचा नाद, पण आईचं मत ठरलेलं होतं: सगळे एकाच वेळी बोलतात. म्हणून मी हेडफोन लावूनच ऐकायचे.

एका दुपारी हेडफोनची बॅटरी संपली आणि लॅपटॉपवर मोठ्याने वाजायला लागलं. पियानो, बास आणि ड्रम, तिघांचाच जुना अल्बम. छोट्याशा क्लबात रेकॉर्ड केलेला, मागे ग्लासांची किणकिण. मी घाईने बंद करायला गेले. आई शेजारी मटार सोलत बसली होती.

"असू दे," ती म्हणाली. "गाणारं कोणी नाहीये ना त्यात."

जरा वेळाने तिने विचारलं, "तो खालचा, घुमणारा आवाज कशाचा?"

"बासचा. मोठ्या व्हायोलिनसारखं, उभं धरायचं वाद्य."

"पियानोवाला एवढा लांब फिरून येतो तो त्याच्या जिवावर."

मला इतक्या वर्षांत हे सुचलं नव्हतं.

मग दुपारी आम्ही दोघी ऐकू लागलो. सॅक्सोफोनवाल्या चौघाचौघांचं घाईघाईचं वाजवणं तिला आवडलं नाही. अलीकडच्या एका त्रिकुटाचा अल्बम मात्र तिने चार-पाचदा लावायला सांगितला. त्यात सुरांइतकीच शांतता आहे. "यांना थांबता येतं," ती म्हणाली.

लालबागची तिची एक जुनी विद्यार्थिनी अधूनमधून यायची. पुन्हा शिकवा म्हणायची, आई नकारार्थी मान हलवायची. एके दिवशी ती आली तेव्हा तोच अल्बम चालू होता. आईने तिला बसवलं, संपेपर्यंत ऐकवलं, मग पेटी काढली आणि म्हणाली, "गा."

"बाई, तुम्हाला त्रास होईल."

"गा तू."

तिने यमन धरला. आई साथ करत होती, पण मधेच पेटीवरचा हात उचलायची आणि तिला एकटीला जाऊ द्यायची. ती पहिल्यांदा गडबडली, मग सावरली. शेवटी आई म्हणाली, "मी आयुष्यभर तुमच्या मागे वाजवतच राहिले. तुम्हाला मोकळं सोडायला हवं होतं."

मी आत जाऊन चहा टाकला आणि तो उगाचच बराच वेळ उकळू दिला.

आवाज परत आला नाही, येणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. ती विद्यार्थिनी आता दर गुरुवारी येते, सोबत तिची जाऊही असते. बाकीच्या दुपारी आमचं जॅझ चालतं. ड्रमवाला एकटाच वाजवायला लागला की आई उठते आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला जाते.