दाजींची नाकमोजणी

माणसाला नाक नसतं, तर आमच्या दाजींइतका सुखी माणूस अख्ख्या परंड्यात सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांची सगळी नोकरी जमीनमोजणीच्या खात्यात गेली. उभ्या उन्हात साखळ्या ओढल्या, सख्ख्या भावांच्या मधे उभं राहून हद्दीचे दगड रोवले, दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या आणि एक दिवस शाल-नारळ घेऊन घरी आले. निवृत्त झालेला माणूस एक तर देवाला लागतो, नाहीतर ओट्यावर बसून देश चालवतो. दाजींनी कॅमेरा घेतला. गावातल्या एका फोटोवाल्यानं धंदा बदलून मोबाईलचं दुकान टाकलं होतं, त्याचा जुना कॅमेरा यांनी घरी आणला, घरामागच्या पत्र्याच्या खोलीतली सोयाबीनची पोती अंगणात काढली आणि तिथं हौसेचा स्टुडिओ सुरू केला. फोटो फुकट. तिथंच त्यांना नाक आडवं आलं. दिवा डावीकडं ठेवला की नाकाची सावली उजव्या गालावर पडायची. दिवा वर नेला की चांगल्या घरच्या लेकीसुनांना मिशा फुटायच्या. खाली आणला की तीच सावली कपाळावर चढायची. "पावणं," ते मला म्हणायचे, "दोन भावांचा बांध सरळ करता येतो. पण नाकाच्या सावलीची हद्द कायम करणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमायचं न्हाय."

मोजणी खात्यातून माणूस सुटला तरी माणसातून मोजणी सुटली नव्हती. समोर बसलेल्याच्या नाकाच्या शेंड्यापासून कॅमेऱ्यापर्यंत दाजी टेप लावायचे. टेपचं एक टोक गिऱ्हाइकानंच आपल्या नाकाला धरायचं. दाजी मोठ्यानं आकडा वाचायचे, मग कॅमेऱ्यात बघायचे, मग पुन्हा टेप. तोवर ते बिचारं नाक खाजवायचं आणि सगळी मोजणी पहिल्यापासून. फरशीवर त्यांनी खडूनं पावलं काढून ठेवली होती. त्या पावलांत पाय ठेवायचे, हनुवटी त्यांनी बोट केलं तिकडं न्यायची आणि 'श्वास घ्या' म्हणेपर्यंत घ्यायचा नाही. एकदा ते 'घ्या' म्हणायला विसरले, तेव्हा समोरचे गुरुजी जांभळे पडले. फोटो मात्र स्पष्ट आला. गुरुजींनी तो नेला नाही.

साहित्य सगळं घरचं. मागचा पडदा म्हणून अक्काची पांढरी चादर. तिची एक सुरकुती इस्त्रीला दाद द्यायची नाही आणि नेमकी माणसाच्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसायची. पावसाळी छत्रीला आतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवून त्यांनी मऊ उजेडाची सोय केली होती. थर्माकोलचा एक मोठा तक्ता होता, सावलीच्या बाजूला उजेड परत फेकायला. तो धरायला स्टँड नव्हता म्हणून मी होतो. मी धाराशिवला नोकरीला. रविवारी बहिणीच्या घरी जेवायला म्हणून एसटीनं जायचो आणि दुपारभर थर्माकोल धरून उभा राहायचो. "पावणं, वर. लई झालं, खाली. अवो, हालताय कशाला, तुमी काय पावसात भिजाय लागलाय का?" पत्रा तापायचा, गिऱ्हाइकाच्या कपाळावर घाम यायचा, त्यावर दिवा चमकायचा, मग पावडर. पावडर लावून होईतो लाईट जायची. लाईट येईतो पावडर वाहून जायची.

अशाही परिस्थितीत दाजींनी जिद्द सोडली नाही, हे सांगायला हवं. फक्त त्यांची कला आणि लोकांची गरज यांची गाठ पडत नसे. पलीकडच्या गल्लीतल्या एका पोरानं पासपोर्टचा फोटो काढून मागितला. दाजींनी नुकताच एका बाजूनं उजेड टाकायला शिकून घेतलं होतं. फोटो असा आला की अर्धं तोंड सोन्यासारखं आणि अर्धं अमावास्येला गेलेलं. कचेरीतून पोरगं परत आलं. "काका, साहेब म्हनत्यात, ह्येच्यातला अर्धा मानूस कुठंय?" दुसऱ्या एकाच्या लेकीचा स्थळं बघायला फोटो हवा होता. दाजींनी तो इतका लख्ख काढला की लहानपणी पडलेल्या खोकेचा व्रणसुद्धा मोजून घ्यावा. बाप बराच वेळ फोटो बघत बसला. शेवटी हात जोडून म्हणाला, "साहेब, फोटो झ्याक हाय. पर एवढं खरं नगं." दाजींना हे पटलं नाही. मोजणीत खोटं लिहायचं नसतं, एवढंच ते म्हणाले.

आणि एक मेंढपाळ म्हातारा होता. त्याच्या पटक्याची सावली डोळ्यांवर पडत होती. "आजोबा, पटका जरा मागं सारा," दाजी म्हणाले. "पटका जागचा हालायचा न्हाय," म्हातारा म्हणाला, "तुमीच हाला." तेव्हा साठी ओलांडलेले आमचे दाजी थर्माकोल पोटावर घेऊन त्याच्या पायाशी उताणे पडले, खालून उजेड वर फेकला, आणि म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत दिव्याचा बारका ठिपका चमकला. दाजी त्याला 'जीव' म्हणत. "डोळ्यात जीव पडला बगा!" ते खालूनच ओरडले. बटण त्या दिवशी मी दाबलं. तो फोटो मात्र खरंच देखणा आहे. त्यातही त्यांनी लाल पेन्सिलीनं तीन दोष काढले. छापून आलेल्या प्रत्येक फोटोवर ते नकाशावर दुरुस्ती करावी तशा लाल खुणा करत.

आता अक्काबद्दल. गिऱ्हाईक यायच्या आधी उजेड लावून बघायला कोणीतरी समोर बसावं लागतं. ते काम अक्काचं. "ऐकलं का, जरा लाईटला बस," अशी हाक आली की ती हातातलं काम टाकून यायची, स्टुलावर टेकायची, एक पाय दाराकडं. दाजी खटाखट फोटो काढायचे, उजेड बघायचे, दिवा सरकवायचे. गिऱ्हाईक आलं की अक्का उठायची आणि ते बसायचं. नंतर कॅमेऱ्याच्या कार्डात जागा हवी म्हणून अक्काचे सगळे फोटो पुसले जायचे. पिठाच्या हातानं, कधी मिरच्या खुडता खुडता ती अशी किती वेळा बसली असेल ते देव जाणे. "तुमच्या नादानं माझी भाकर करपली," एवढीच तिची तक्रार असायची.

मग एका रविवारी पुण्याहून भाचीचा, म्हणजे दाजींच्या लेकीचा, फोन आला. तिनं नवं घर घेतलं होतं. "अप्पा, हॉलमदी आईचा फोटो लावायचाय. मोठा. चांगला बघून पाठवा." दाजींनी ऐटीत कॉम्प्युटर उघडला. मेंढपाळ निघाला, गुरुजी निघाले, गल्लीतली झाडून सगळी पोरं निघाली, कुणाचा तरी बैलसुद्धा निघाला. अक्काचे मिळून चार तुकडे हाती लागले. एकात फक्त गाल, एकात थर्माकोलच्या मागं अर्धा कान, आणि उरलेल्या दोन्हींत नाकाची सावली अभ्यासाला ठेवलेली. दाजींनी कॉम्प्युटर बंद केला. मला त्यांचं फार वाईट वाटलं. साऱ्या गावाला फुकट तोंडं वाटलेल्या माणसाच्या घरात बायकोचं तोंड नव्हतं.

पुढच्या रविवारपासून अक्काच्या फोटोची मोहीम सुरू झाली. ती रेशमी साडी नेसली, गजरा माळला, स्टुलावर बसली आणि लाकूड झाली. मी थर्माकोल धरून बघतच राहिलो. आमची अक्का, जिच्या हसण्यानं शेजारच्या घरातलं पोर जागं व्हायचं, ती परीक्षेच्या हॉलमधे बसल्यासारखी बसली होती. बटण दाबलं की तिचे डोळे मिटायचे. दाजी म्हणाले, "हस की." तिनं दात दाखवले. दाजी म्हणाले, "तसं न्हाय, मनातनं." ती म्हणाली, "मनात भाजी करपायली." असे बरेच रविवार गेले. साड्या बदलल्या, दिवे बदलले, चादरसुद्धा नवी आली. प्रत्येक फोटोत अक्काच्या जागी कोणीतरी भलतीच बाई. शेवटी तीच कंटाळली. "अवो, ऱ्हाऊ द्या आता. लेकीला सांगा, आईचं तोंड फोटोत बसंना. आमच्यासारख्याला फोटो घेऊन काय करायचाय?" दाजी खाली मान घालून छत्री मिटत बसले. इतका हरलेला माणूस मी शेतमोजणीच्या भांडणातही पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी गुरुजी, तेच जांभळे पडलेले, मोठ्या मनानं पुन्हा आले, यावेळी बायकोला घेऊन. त्यांना ओट्यावर बसवून दाजींनी सवयीनं हाक मारली, "ऐकलं का, जरा लाईटला बस." अक्का भाकरी थापत होती. तशीच आली, पदर खोचलेला, मनगटापर्यंत पीठ, गालावर एक पिठाचं बोट. स्टुलावर टेकली आणि चुलीवरच्या तव्याच्या काळजीत दाराकडं बघत राहिली. दाजींनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसेच थांबले. टेप लावला नाही. मला वर-खाली काही सांगितलं नाही.

"झालं का? उठू का?" अक्का म्हणाली.

"थांब. अजून लाईट बसंना."

लाईट बसली होती. कुठं एक केसभर काही हलवायचं नव्हतं, हे इतके रविवार तक्ता धरून उभ्या राहिलेल्या मलाही दिसत होतं. मोजणीत कधी खोटं न बोललेला माणूस खोटं बोलत होता आणि बटण दाबत होता. "अजून थोडं. जरासं अजून." ओट्यावरून गुरुजींनी विचारलं, "साहेब, येऊ का?" दाजी म्हणाले, "बसा हो, घाई कसली!" तेवढ्यात अक्काला वास आला. "अगं बाई, भाकर!" म्हणत ती पळाली.

छापलेला फोटो आला तेव्हा आम्ही तिघंच होतो. दाजींनी लाल पेन्सिल खिशातून काढली नाही. अक्कानं बघितल्या बघितल्या कपाळाला हात लावला. "बाई, बाई! पीठ तर बगा गालाला. असला पाठवताव व्हय लेकीला?" मग तिनं फोटो हातात घेतला आणि खिडकीजवळ गेली. आता उठणार, कुणाला तरी जागा देणार, असं फोटोतलं बसणं होतं.

"आपली आई अशीच बसायची रं," ती मला म्हणाली. "भाकरीवरनं उठून आली की. कुनी हाक मारली की अशीच बघायची."

आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. मला अक्कानंच वाढवलं. आईचा एकही फोटो नाही, कुणी काढलाच नव्हता, आणि तिचं तोंड कसं होतं हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. मी फोटोकडं बघत राहिलो. दाजींनी माझ्याकडं पाहिलं, एकदम उठले आणि "दोन प्रती काढू," असं म्हणून कॉम्प्युटरकडं गेले.

एक प्रत पुण्याला गेली. दुसरी माझ्या घरात आहे, समोरच्या भिंतीवर. आलेगेले विचारतात, या कोण? मी अक्का म्हणून सांगतो. पण सांगायच्या आधी दर वेळी मी थोडा थांबतो.