मयताच्या वतीनं

आमच्या शेजारच्या आत्याचा दावा होता, भातखाचरात जायच्या वाटेवरून. खालच्या बांधाच्या म्हाताऱ्यानं ती वाट काटेरी कुंपण घालून बंद केली होती. भोरच्या कोर्टात दावा निम्म्यावर आला आणि म्हातारा वारला. मुलं पुण्यात. "बापाची भांडणं बापाबरोबर गेली," म्हणाली, आणि कोर्टात यायला तयार होईनात. मयताच्या जागी कुणीच उभं राहिलं नाही तर दावा बारगळणार, आणि आत्याचे बैल कुंपणाच्या अलीकडंच राहणार.

आत्याच्या वकिलानं तोड काढली. मयताच्या मिळकतीला कारभारी नेमून घ्यायचा, पण फक्त या एका दाव्यापुरता. त्यानं जमीन विकायची नाही, झाडाचा आंबाही तोडायचा नाही. नाव आत्यानं सुचवायचं. तिनं माझं सुचवलं.

"तुला तरी काय उद्योग हाय? जा, आन् गप उभा ऱ्हा."

गप उभं राहणं मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरी वाचायला चळवळीची पत्रकंच असायची, आणि ज्याला आवाज नाही त्याची बाजू घ्या, हे प्रत्येक पत्रकात असायचं. मेलेल्या माणसाइतका बिनआवाजी दुसरा कोण? जिवंतपणी मला तो म्हातारा आवडत नव्हता. पण तिथं वाट कधी नव्हतीच, हे त्याचं म्हणणं मांडायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

त्याचा वकील केव्हाच अंग काढून मोकळा झाला होता, म्हणून आत्याची उलटतपासणी मीच घेतली.

"बैल जाण्याजोगी वाट तिथं कधीच नव्हती, हे खरं का?"

"मग तुमचे बैल कुठनं यायचे?"

"माझे?"

"तुमी म्हातारबाच्या जागी हाय न्हवं? दरसाली इर्जिकीला सगळी बैल घिऊन एकमेकांची रानं करून देत्यात. तुमी बी हाकत आणायचा माझ्या खाचरात. तुमचेच काय उडून येत हुते? चिखलणी झाली की बांधावर बसून माझं मटण वरपायचा. वर रस्सा पातळ म्हून नावं ठेवायचा."

मी कागद चाळले. इर्जिकीबद्दल म्हाताऱ्यानं एक ओळ लिहिली नव्हती. पण अशिलाची नालस्ती ऐकून घेणं तत्त्वात बसत नव्हतं.

"रश्श्याची तक्रार मी मयताच्या वतीनं कायम ठेवतो," मी म्हणालो.

आत्याचा वकील उठला. "म्हणजे इर्जिकीला बैल घेऊन खाचरात आला, जेवला, हे कबूल."

न्यायाधीशांनी तेवढं लिहून घेतलं.

निकाल वाटेच्या बाजूनं लागला. परतताना एसटीत आत्या म्हणाली, "म्हातारा असता तर त्यो बी एवढा भांडला नसता. आता निजू देतोस का त्याला, का अपिलात उठवतोस?"

"माझ्या नेमणुकीच्या हुकमात अपील बसतं का, बघावं लागेल."

दुसऱ्या दिवशी तिनं मला कुंपण काढायला बोलावलं. मी समजावून सांगितलं, कुंपण ही मयताची मिळकत, तिला हात लावायचा अधिकार मला नाही.

"मग बाजूला सर," आत्या म्हणाली. कोयता तिनं आधीच उचलला होता, आणि मागं बैल वाट बघत होते.